पेरूच्या बागेतलं दूध

"कावून व, माह्या पायावर उभी हायस? देवी काय तुलेच दिसणार हाय?" हिरा माझ्या मागून कुरकुरली.

भिलाई-३ जवळच्या अंजनाबाईच्या पेरूच्या बागेत शिरायला जागा नव्हती. कारखान्याची भट्टी पेटून दोनच वर्षं झालेली. नवरे तिकडे पोलाद करत होते, आणि आम्ही इकडे मातीचं दूध पाहायला जमलो होतो.

गेल्या पावसाळ्यात भैयालाल महाराजानं झाडाखाली परातीत नितळ तीर्थ ठेवून वर घमेलं पालथं घातलं होतं. सकाळी तीर्थ दुधाळ! बाग जागृत ठरली. आता वैशाखात मात्र तीर्थ जसंच्या तसं.

"माता रूठी है!" महाराजानं अंजनाबाईच्या विधवा सुनेकडे, मथुराकडे बोट रोखलं. "इस कुलच्छनी को निकालो!"

मथुराचं गाठोडं बागेलगतच्या घराच्या अंगणात येऊन पडलं.

शुद्धीसाठी महाराजानं तीर्थ शिंपडलं. मी हळद कुटता कुटता उठून आले होते. थेंब पडला तिथं माझं पिवळं बोट लाल झालं.

"कुंकू! कुंकू!" बायकांनी हात जोडले.

"अव, हळदीले चुना लागला की लालच होते," मी म्हटलं. "ही चुन्याची निवळी हाय. महाराज, दोन घोट घ्या न."

"तीर्थ पीते नहीं, माई!"

"मंग कायचं तीर्थ?"

बांधावरच्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून मी निवळीत फुंकत राहिले. पाणी पांढरं झालं.

"घ्या, आता माहीच आरती करा!"

हिरा फिसकन हसली.

मथुराला मी झाडाखाली दोन घागरी पाणी ओतायला लावलं आणि त्या ओलीवर परातीत खायच्या चुन्याची ताजी निवळी ठेवून घमेलं झाकलं. बायका रात्रभर पाळीनं राखणीला बसल्या. सकाळी मथुरानंच घमेलं उचललं. दूध!

"माता मान गई!" महाराज ओरडला.

"मानली नाही, मातीची तहान भागली."

झाडाची मुळं आणि मातीतले न दिसणारे जीव आपल्यासारखेच श्वास सोडतात. त्या हवेनं निवळी गढूळ होते. उन्हाळ्यात माती सुकली की ते निपचित पडतात, पाणी मिळालं की पुन्हा जोरात. एवढंच. बायांनो, एका बाईला घराबाहेर काढण्याआधी एक घागर ओतून पाहायला काय जात होतं?

महाराजानं झोळी उचलली. मथुराचं गाठोडं मात्र अंगणातच होतं. ते कुणी उचलेना.

शेवटी अंजनाबाई उठली. गाठोडं छातीशी धरून सगळ्यांकडे पाहत म्हणाली, "माहा पोरगा गुलाब दारूनं मेला. हिच्या पायगुणानं नाही."