चेहऱ्यांचा तवा

मी तवा बोलतोय. बिडाचा, वीतभर रुंद, एका बाजूला आखूड दांडा. तवा मेला काय बोलणार, असं म्हणून पान उलटू नका. मी हौसेने तोंड उघडलेलं नाही, अगदी गळ्याशी आलंय म्हणून उघडलंय. आज रविवार. उद्या सकाळी दहाला या घरातल्या ढब्बूचं वजन करणार आहेत. वजन वाढलेलं नसलं, तर डॉक्टर त्याला दवाखान्यात ठेवून घेणार आणि नाकातून नळी घालून भरवणार. ढब्बू चार वर्षांचा आहे. काय खातोस म्हणून विचारलं की तो एकच शब्द बोलतो, "चेहरे." आणि चेहरे होतात ते फक्त माझ्यावर. आणि माझ्यावरून सध्या काही म्हणता काही सुटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चेहरे म्हणजे काय? सांगतो. पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर माझ्यावर काय गुदरलंय ते तुम्हाला कळायचं नाही.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. वितळलेलं बीड ओतलं, गार झालं, साचा फोडला, झालो मी. तेव्हा मी राखाडी होतो, खडबडीत होतो आणि स्वभावाने महाचिकट होतो. नवा बिडाचा तवा चिकटच असतो, त्यात त्याचा काही दोष नाही. मग दीड वर्ष एका दुकानाच्या खालच्या फळीवर खिळ्यांच्या डब्याशेजारी पडून होतो. येणारे जाणारे हातात घ्यायचे आणि "बाप रे, काय जड!" म्हणून ठेवून द्यायचे.

मग एक दिवस ढब्बूची होणारी आई आली आणि तिने मला बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं. मी खणखणीत वाजलो.

"अहो, हा गातो बघा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग गाण्याच्या क्लासला घाल. घरी कशाला न्यायचा?"

नवरा रंगारी. लोकांच्या भिंती, खिडक्या, फाटकं रंगवायचा. ती एका धुलाईच्या दुकानात दिवसभर इस्त्री करायची. तापलेलं लोखंड कधी काय करतं, हे तिला न बघता कळायचं. तिने मला घरी नेलं, तेल चोळलं, तापवलं, गार होऊ दिलं, परत तेल चोळलं. चार दिवस तिचं हेच चाललं होतं. पाचव्या दिवशी मी काळाभोर झालो. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे हो! ती माझी कातडी. एकदा ती अंगावर आली की तव्याला कशाचं भय नाही. काहीही ओता, धरायचं तेवढं धरतो आणि वेळ झाली की अलगद सोडतो.

मग पोरं झाली. आधी ताई, तिच्यामागून तीन वर्षांनी ढब्बू. त्याचं खरं नाव कागदावर असेल. गाल असे होते की पाळण्यात बघितल्या बघितल्या बाबाच्या तोंडून ढब्बू निघालं आणि तेच राहिलं.

चेहऱ्यांचा शोध आईने एका रविवारी लावला. ताईने खायला नाटकं केली म्हणून. एक वाटी कणीक, एक अंडं, चमचाभर साखर, चिमूट मीठ, आणि सरसरीत होईल इतकं दूध. बस्स. पण गंमत पिठात नव्हती, ओतण्यात होती. आधी चमच्याने माझ्यावर दोन थेंब टाकायचे, ते डोळे. मग खाली एक रेघ, ते तोंड. मग थांबायचं. ते तांबूस झाले की वरून बाकीचं पीठ गोल ओतायचं, दोन बाजूंना कान काढायचे आणि उलटायचं. आधीचे डोळे-तोंड भाजून गडद, बाकीचा चेहरा फिका. ताटात पडला की ओरडायचं, हा कोण?

"भुवया जुळलेल्या आहेत, घरमालक!"

"अंबाडा आहे, शाळेतल्या बाई!"

कान आधी खायचे असा नियम होता. म्हणजे आपण त्याला खातोय हे त्याला ऐकू येणार नाही. हा नियम ढब्बूचा, आणि तो सगळ्यांना लागू. बाबा एकदा चुकून तोंडापासून सुरू झाला, तर त्याला ताटावरून उठवलं होतं. हसून हसून पुरेवाट व्हायची सगळ्यांची. दर रविवारी सकाळी हे एवढंसं स्वयंपाकघर दणाणून जायचं, आणि मी मधोमध बसून गरम होत राहायचो. सुखात होतो मी. तेव्हा कळलं नाही, आता कळतंय.

मग आई आजारी पडली. रविवारी उभं राहवेना, मग स्टुलावर बसून करू लागली, मग तेही सुटलं. एका सकाळी दवाखान्याची गाडी आली आणि आई तिच्यात बसून गेली. पाच आठवड्यांपूर्वी बाबा एकटाच परत आला. ताईला त्याने जवळ घेऊन खरं सांगितलं. ढब्बूला काय सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मी तोवर वरच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या मागे गेलो होतो. तिथून अर्धवटच ऐकू येतं.

पण ताटं परत यायची ती दिसायची. आधी अर्धं ताट परत, मग पाऊण, मग सगळंच. दोन घोट दूध, फार तर केळ्याचा तुकडा. शेजारच्या काकू डबे आणायच्या. "भाऊ, गोष्ट सांगून भरवा. भाऊ, मोबाइल दाखवून भरवा." बाबाने विमान केलं, गाडी केली, पाठीवर घोडा घोडा केला. ढब्बू हसायचा, खेळायचा, आणि घास आला की ओठ घट्ट मिटायचा. गाल कुठे गेले देव जाणे. गुरुवारी डॉक्टरांनी नळीचं सांगितलं. घरी येऊन बाबाने त्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "राजा, तू सांगशील ते करतो. काय खाशील?"

"चेहरे."

आणि शुक्रवारी संध्याकाळी बाबाने मला खाली काढलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! पाच आठवड्यांची धूळ होती, फडक्याने पुसली असती की झालं होतं. पण बाबा पडला रंगारी. त्याने मला दिव्याखाली धरलं, कडेच्या काळ्या थरावर नख मारलं आणि स्वतःशीच म्हणाला, "किती वर्षांचं चढलंय हे! जुनं खरवडल्याशिवाय नवं बसत नाही."

भिंतीला ते खरं असेल. मला नाही रे, बाबा, मला नाही!

त्याने कामाची पिशवी आणली. रंग काढायची पत्ती आणली, पॉलिश पेपर आणला. आधी जाड, मग बारीक. दीड तास घासत होता. घाम पुसत होता, मधेच डोळे पुसत होता आणि परत घासत होता. असं जीव लावून मला कुणी कधी घासलं नव्हतं, आणि असं कुणी कधी मारलंही नव्हतं. आठ वर्षांची कातडी तिने एकेक थेंब तेलाने चढवलेली. ती काळी भुकटी होऊन मोरीतून वाहून गेली. मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे पत्तीचा खरखराट. कोण ऐकणार?

"बघा! चकचकीत!" त्याने मला पोरांसमोर धरलं.

ताईने बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा! आई त्याला साबणसुद्धा लावत नव्हती!"

बाबाला तेव्हा कळलं नाही. शनिवारी कळलं. कामाला दांडी मारून त्याने सकाळपासून पीठ कालवलं. पहिला चेहरा चिकटला. दुसरा फाटला. तेल वाढवलं, तर कडा तळून निघाल्या आणि मधला भाग माझ्या अंगाला तसाच. एक बऱ्यापैकी तुकडा सुटला, तो फुंकर मारून ढब्बूपुढे धरला. ढब्बूने मान हलवली. "हा नाही." ओठ बंद.

मला काय वाटलं असेल, विचारा. मला इलाज माहीत होता हो! तेलाचं बोट फिरव, तापव, गार कर, परत फिरव. चार दिवस दे. पण चार दिवस आणायचे कुठून? आणि सांगायचं कसं? मी आपला धूर काढत राहिलो. धूर बघून बाबाने खिडकी उघडली.

आज सकाळी परत तेच. ताई स्टुलावर उभी राहून शिकवत होती. "आधी डोळे, बाबा. लहान टाक. आता तोंड. आता थांब. थांब म्हटलं ना!" ढब्बू खुर्चीत बसला होता, पुढे रिकामी ताटली. दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली, त्यात त्याचे तीन जोड कपडे आणि टॉवेल, उद्या ठेवून घेतलंच तर म्हणून. मी मनाशी म्हटलं, गड्या, आज काय वाटेल ते होवो, एक तरी सोड. एकच.

उलथणं आत सरकलं. वरचं पीठ सुटून आलं आणि डोळे-तोंड माझ्याच अंगावर राहिले.

दुसरा तसाच. तिसऱ्याला आच मोठी झाली आणि सगळं करपून बसलं. बाबाने उलथणं ओट्यावर आदळलं. पाच आठवडे ज्याने पोरांवर आवाज चढवला नव्हता, तो ओरडला. "खा ना रे! काहीतरी खा! उद्या नळी घालतील, कळतंय का तुला? काय करू मी? कुठून आणू?"

ढब्बू दचकला. पण तो रडला नाही. अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "मी नाही खाणार, बाबा. मी भूक ठेवलीये."

"काय?"

"आई म्हणाली ना. गाडीत बसताना. मी आले की खूप चेहरे करू, तू भूक ठेव हं. मी ठेवलीये. खाल्लं की संपेल ना ती."

बाबा ओट्यापासून वळला. त्याने विचारलं, "आई येणार, हे कुणी सांगितलं तुला?"

"काकूंनी. ती बरी व्हायला लांब गेलीये."

ताई स्टुलावरून उतरली. "मला पण काकू म्हणाल्या, त्याला सांगू नको, लहान आहे," ती पुटपुटली. बाबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोष तिचा नव्हता, काकूंचाही नव्हता. त्याने स्वतःही ढब्बूला काहीच सांगितलं नव्हतं. रोज उद्यावर ढकललं होतं.

त्याने गॅस बंद केला. खुर्चीसमोर जमिनीवर बसला, म्हणजे दोघांचे डोळे समोरासमोर आले.

"ढब्बू, आई येणार नाही."

"उद्या?"

"उद्या पण नाही. कधीच नाही, बाळा. आई मेली. तिला यायचं होतं, फार यायचं होतं. नाही जमलं तिला."

ढब्बूने त्याच्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं. ताई मुसमुसत होती, तेव्हा त्याला पटलं असावं.

"मग मी ठेवलेली भूक?"

मी लोखंड आहे. मला रडता येत नाही. आलं असतं तर त्या क्षणी गंजून गेलो असतो.

बाबा पुढे सरकला. त्याने पोराला ओढून छातीशी धरलं, आणि ढब्बू रडला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. गळा काढून, हात आपटून, "आई, आई" करत, धाप लागेपर्यंत रडला. ताईही त्या दोघांत घुसली. मी गार होत होतो, आणि माझ्या अंगावर तिसरा चेहरा करपून घट्ट बसला होता.

बऱ्याच वेळाने हुंदके कमी झाले. ढब्बू बाबाच्या मिठीतून सुटला, नाक पुसत ओट्याशी आला आणि टाचा उंचावून माझ्यात डोकावला.

"हे काय?"

"खरवड आहे रे, बिघडलेली. टाकून देऊ. दुसरं काहीतरी करतो तुला."

"हे आईचं नाहीये ना?"

"नाही. माझं आहे."

"मग आता भूक ठेवायची नाही?"

"नाही रे, राजा. आता नाही ठेवायची."

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मग दे."

बाबाने चमचा घेतला. माझ्या अंगावरून त्याने एक तपकिरी, वाकडा, ना डोळा ना तोंड असा तुकडा सोडवला आणि पुढे केला. ढब्बूने तो तोंडात घातला. चावला. हुंदका आला, तो गिळला, मागोमाग घास गिळला. ताई त्याच्या गळ्याकडे बघत होती.

दुसरा तुकडा गेला. तिसरा गेला. एक ताईने खाल्ला, "कडू आहे," म्हणाली आणि परत हात पुढे केला.

उद्या काटा काय दाखवेल, मला ठाऊक नाही. तीन घासांनी असं काय वाढणार? दाराशी पिशवी तशीच भरलेली आहे. तुमच्यापैकी कुणाला बाबा भेटला, तर त्याला तेलाचं तेवढं सांगा, मला सांगता येत नाही. पण ते नंतर. आत्ता ढब्बू चवड्यांवर उभा आहे, तोंडाला काजळी लागलीये, आणि तो विचारतोय, "बाबा, अजून आहे?"

आहे रे, बाळा. कडेला आहे, दांड्याजवळ आहे, पार लोखंडाला चिकटून आहे. खरवड, बाबा. जोर लावून खरवड, माझी काळजी करू नकोस.