पट्ट्यापट्ट्यांचा रोलर

मी एक जुना रोलर आहे, मित्रांनो. डांबरी रस्त्यावर धूर सोडत फिरतो तो नव्हे. तो सरकारी नोकर आहे. मी हाताने ओढायचा, पटांगण सपाट करायचा रोलर आहे. आज तुम्ही मला पाहिले तर मात्र ओळखणार नाही. माझ्या अंगावर पिवळे-काळे पट्टे आहेत, एका बाजूला डोळे आणि मिशा काढल्या आहेत, आणि त्या सगळ्यावर शेंदराचा जाड थर आहे. हे सोंग मी आपणहून घेतलेले नाही. त्याची सुरुवात आमच्या नगरपंचायतीने केली.

आमचे गाव गोंडपिपरी आणि राजुरा यांच्यामध्ये कुठेतरी आहे. नाव सांगत नाही. नगरपंचायतीला आपले नाव छापून आलेले फार आवडते, आणि मला तिला एवढासुद्धा आनंद द्यायचा नाही.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. गावात कबड्डी मंडळ होते आणि भैयाजी त्याचे कप्तान होते. त्यांनी कोळसा खाणीतून भंगारात निघालेला एक जाड पाइप मिळवला, त्यात गिट्टी आणि सिमेंट ठासून भरले, मधोमध लोखंडी आस घातला आणि पुढे ओढायला दांडा जोडला. मला बैलगाडीत चढवायला निम्मी गल्ली आली होती. मी तेव्हापासून वजनदार आहे, आणि हलक्या गोष्टींबद्दल मला कधीच आदर वाटलेला नाही.

तळ्याच्या पाळीखाली आमचे पटांगण होते. धानाची कापणी झाली की लोक तळ्यातला गाळ आणून तिथे पसरत, त्यात मुरूम मिसळत, संध्याकाळी पाणी मारत आणि सकाळी मला ओढत. नियम एकच होता. ज्याला खेळायचे असेल त्याने आधी रोलर ओढायचा. शाळेतल्या गुरुजींनी ओढला, सासुरवाडीला आलेल्या जावयांनीही ओढला. जानेवारीत कबड्डीचे सामने भरत. बाहेरगावचे खेळाडू येऊन तळव्याने माती चोळून पाहत आणि म्हणत की इथे पडले तरी गुडघा फुटणार नाही. माझे कौतुक एवढेच झाले. मला ते पुरले.

या पटांगणावर दामिनी मोठी झाली. तिचे वडील तळ्यात जाळे टाकतात. ही मुलगी चढाईला गेली की समोरच्या मुली मागे सरकत. तिची नजर पायांवर असे आणि श्वास कधी तुटत नसे. जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणारे लोक येत्या जानेवारीत तिचा खेळ पाहायला येणार होते. त्याच्या पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे हा एकच हिवाळा तिच्या हातात होता, आणि नेमक्या त्याच वर्षी नगरपंचायतीला मुलांच्या करमणुकीचा पुळका आला.

उद्यान करायचे ठरले. त्यासाठी जागेची पाहणी झाली. अभियंता साहेब पाहणीला आले ते मे महिन्यात, भर दुपारी. मित्रांनो, आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी कुत्रेसुद्धा सावली सोडत नाही. साहेब गाडीतून उतरले नाहीत. काच थोडी खाली करून त्यांनी पटांगण पाहिले, तिथे कोणी दिसले नाही, आणि त्यांनी लिहून टाकले की ही जागा वापरात नाही. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर त्यांना गाडी उभी करायलाही जागा मिळाली नसती. पण संध्याकाळी कार्यालय बंद असते.

मग सभा झाली. भैयाजी आता म्हातारे झाले आहेत, तरी काठी टेकत गेले. परत येऊन त्यांनी माझ्यावर बसून सगळी हकीकत सांगितली. भिंतीवर चित्रे दाखवली गेली. चित्रांत हिरवेगार गवत होते, कारंजे होते आणि गोरी गोरी मुले फुगे घेऊन पळत होती. नगराध्यक्ष धनराजभाऊ म्हणाले की ताडोबाला जाणारे पर्यटक आता आपल्या गावात थांबतील. ताडोबात शिरायच्या मोहर्ली फाटकाची वाट आमच्या गावावरून जात नाही, ही गोष्ट सभेत एकालाही आठवली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भैयाजींनी उठून विचारले की पोरांनी कबड्डी कुठे खेळायची. त्यांना उत्तर मिळाले की तुमची सूचना चांगली आहे. एखाद्याला गप्प बसवायचे असले की आमच्याकडे त्याची सूचना चांगली असते.

पावसाळा संपताच पटांगण खणले. इतक्या वर्षांचा गाळ आणि मुरूम, ज्यावरून मी हजारदा गेलो होतो, तो ट्रॉलीत भरून खड्डे बुजवायला नेला. त्या जागी गट्टू बसवले. गट्टू म्हणजे सिमेंटचे रंगीत तुकडे. ज्यांना जमीन आवडत नाही ते लोक ती झाकायला गट्टू वापरतात. मधे गवताचे चौकोन लावले आणि प्रत्येक चौकोनाशेजारी पाटी रोवली: गवतावर चालू नये, चेंडू खेळू नये, धावू नये. अशा रीतीने मुलांच्या करमणुकीची सोय पूर्ण झाली. उद्घाटनाच्या दिवशी टँकरने पाणी आणून कारंजे उडवले. दुसऱ्या दिवशी टँकर गेला आणि कारंजेही गेले. उद्यानाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशी ठेवली, म्हणजे मुले शाळेत असताना फाटक उघडे आणि मुले सुटली की फाटक बंद.

माझे काय करायचे हा प्रश्न होता. मला उचलून नेण्याचा कंटाळा आल्यामुळे मला शोभेची वस्तू करायचे ठरले. जंगलाचा जिल्हा म्हणजे वाघ, यापलीकडे त्यांची बुद्धी कधी गेलेली नाही. रंगाऱ्याने माझ्या अंगावर पट्टे ओढले, डोळे काढले, मिशा काढल्या. दांडा वर वळवून त्याची शेपूट केली. मला एका चौथऱ्यावर ठेवून समोर पाटी लावली: सेल्फी पॉइंट. चौथऱ्यात मला पक्के रोवायचे होते, पण ठेकेदाराने सिमेंट वाचवले आणि दोन्ही बाजूंना विटा लावून काम भागवले. ज्या रोलरने गावाची माती दाबली तो आता विटांच्या टेकूवर मांजरासारख्या मिशा घेऊन बसला होता. मला माझीच लाज वाटत होती.

इथे एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. आमच्या भागात लोक वाघाला नुसता प्राणी मानत नाहीत. गावाच्या शिवेवर वाघदेव असतो. लाकडाचा किंवा दगडाचा वाघ करून त्याला शेंदूर लावतात आणि रानात जाताना त्याच्यापुढे हात जोडतात. हे साहेबांना माहीत नव्हते आणि धनराजभाऊंना माहीत असूनही सुचले नाही.

दामिनीची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, ताराबाई रोज पहाटे टोपली घेऊन मासळी आणायला तळ्यावर जाते. मागच्या उन्हाळ्यात मोहफुले वेचायला गेलेल्या तिच्या भावाला वाघाने नेले. तिने मला पाहिले आणि ती थांबली. कुंपणाच्या तुटक्या बाजूने आत आली, टोपली खाली ठेवली आणि हात जोडले. सोबतची बाई हसली. म्हणाली, हा तर आपला रोलर आहे. ताराबाईने शांतपणे सांगितले, "तोंड वाघाचं देलं ना त्याले? मंग आता तो वाघदेवच झाला."

दुसऱ्या दिवशी शेंदूर आला, नारळ आला. पंधरवड्यात झेंडा लागला, घंटा टांगली गेली, लिंबे आली. धनराजभाऊ आले, त्यांनी चपला काढल्या, नारळ फोडला आणि फोटो काढून घेतला. सेल्फी पॉइंटची पाटी कोणीतरी उपटून चुलीत घातली. चूल तरी पेटली. आणि मग आयांनी मुलांना बजावले की देवाजवळ चपला घालून जायचे नाही, गोंधळ करायचा नाही. पाट्यांनी जे थोडे खेळणे शिल्लक ठेवले होते तेही बंद झाले. सगळे उद्यान माझ्यासाठी रिकामे झाले. इतका खर्च करून नगरपंचायतीने एका भंगाराच्या पाइपाला राहायला जागा केली.

दामिनी मात्र हात जोडायला आली नाही. मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यामागे एक पडीत जागा होती. ती आणि तिच्या संघातल्या मुली शाळेआधी तिथे काटे काढत होत्या, दगड वेचत होत्या. तळ्यातून गाळ आणून त्यांनी पसरला, पाणी मारले. पण पायांनी तुडवून का कुठे मैदान होते? माती भुसभुशीत राहिली. एका सकाळी पकड करताना त्यांच्यातल्या मयुरीचा पाय आत रुतला आणि घोटा मुरगळला. मुलींनी नगरपंचायतीकडे रस्त्याचा रोलर मागितला. त्यांना अर्ज करायला सांगितले. अर्जावर विचार सुरू आहे. तो अजूनही सुरूच आहे.

डिसेंबर लागला तेव्हा दामिनी ताराबाईला घेऊन माझ्यापुढे आली. मुलगी थकलेली दिसत होती.

"मोठी आई, मले हा पाहिजे," ती म्हणाली. "जमीन बसून नाई राह्यली. सामने जवळ आले. यंदा नाई तं मंग नाईच."

ताराबाई म्हणाली, "पोरी, रोलर असता तं मीच म्हनलो असतो ने म्हनून. आता देव हाय तो."

"मंग देवाले आपन फिरवत नाई का?"

ताराबाईने माझ्याकडे पाहिले. मग दामिनीच्या पायांकडे पाहिले. त्या पायांवर चिखल वाळला होता.

"फिरवतो," ती शेवटी म्हणाली. "पन चपला काढून फिरवाचा."

रविवारी सकाळी मोहल्ला जमला. डफडे वाजू लागले. विटा काढल्या, माझी शेपूट खाली वळवून पुन्हा दांडा केला, दोर बांधले आणि मुलींनी अनवाणी पायांनी मला ओढायला सुरुवात केली. अभियंता साहेब धावत आले आणि म्हणाले की शासकीय मालमत्ता हलवता येणार नाही. धनराजभाऊंनी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतले. निवडणूक जवळ आली होती, आणि ढिवर मोहल्ल्यात मते बरीच आहेत. भाऊंनी स्वतः दोराला हात लावला. फोटो निघेपर्यंत लावला, निघाल्यावर काढला. उद्यानातून बाहेर पडताना माझ्याखाली गट्टू पापडासारखे मोडले. तो आवाज मला आयुष्यभर पुरेल.

मिरवणूक पडीत जागेवर पोचली आणि तिथेच पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिली. एवढी मागे येणारी मिरवणूक कुणी पाहिली नसेल. बायका ओवाळत होत्या, मुली ओढत होत्या, भैयाजी काठीने कडा दाखवत होते. उन्हे कलेपर्यंत माती घट्ट झाली. ताराबाईने टाच आपटून पाहिली आणि मान हलवली. मला मैदानाच्या कडेला उभे केले गेले.

चार दिवसांनी साहेब पुन्हा आले. मैदानाची सपाटी पाहून त्यांचा चेहरा फुलला. जागा उत्तम तयार झाली आहे, असे ते सोबतच्या माणसाला म्हणाले. उद्यानाचा दुसरा टप्पा इथेच घेऊ, असेही म्हणाले. मुलींनी हाताने केलेली जमीन त्यांना सरकारने वाढून ठेवलेल्या ताटासारखी दिसत होती. त्यांनी खिशातून टेप काढला आणि एक टोक त्या माणसाच्या हातात दिले. मुली खेळता खेळता थांबल्या. दामिनी घामाने भिजलेली होती. ती पुढे आली.

"साहेब, जोडे काढा," ती म्हणाली. "इथी देव बसला हाय. त्याच्या जागेले टेप लावत नाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी तिच्याकडे, मुलींच्या डोळ्यांतल्या रागाकडे, अर्जाकडे, कशाकडेच कधी पाहिले नव्हते. पण शेंदूर त्यांना दिसला. त्यांनी जोडे काढले, मला नमस्कार केला आणि टेप गुंडाळून निघून गेले. पुन्हा आले नाहीत. ज्या माणसाला जिवंत मुली दिसत नाहीत आणि रंगवलेला पाइप दिसतो, त्याच्या हाती गावाची उद्याने दिलेली आहेत.

दामिनीने चुन्याची रेघ ओलांडली आणि चढाई सुरू केली. माझ्यासमोर पुन्हा पाय आपटत होते, माती उडत होती. मित्रांनो, मी कठोर बोलतो, पण त्या संध्याकाळी मला रडू आले असते. लोखंडाला ती सोय नाही.

मी देव नाही आणि वाघही नाही. मैदानावर राहण्यासाठी मला हे सोंग पुढेही वठवावे लागणार आहे, आणि मी ते वठवीन. तुमच्याकडून एवढेच मागतो. माझ्यावर नारळ फोडू नका, ते पाणी आसात जाते आणि गंज चढतो. यायचेच असेल तर थोडे ग्रीस घेऊन या, चपला बाहेर काढा, दोर धरा, आणि ओढून झाल्यावर खेळा.