बोटभर डावीकडे

डार्सीला दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला कच्चे मासे, सिगारेट आणि रेझिनचा वास यांच्यापासून लांब राहायला सांगितलं. मासे ती खात नव्हती, सिगारेट तिने कधी ओढली नव्हती. रेझिनवर मात्र तिचं पोट चालत होतं.

ओवेन्सबरो गावाबाहेर व्हर्जिलकाकांचा गाळा होता. तिथे ती गाड्यांचे पॉड बनवायची. डॅशबोर्डच्या दोन्ही कोपऱ्यांत, समोरच्या काचेच्या पायथ्याशी, स्पीकरला बसायला उंचवटा करायचा, तो पॉड. लाकडी कडं हव्या त्या कोनात उभं करायचं, त्यावर कापड ताणायचं, कापडाला रेझिनचं चिकट, उग्र रसायन पाजायचं, ते वाळून दगडासारखं झालं की पुट्टी, पुट्टीवर पॉलिश पेपर, आणि शेवटी वरून डॅशबोर्डसारखंच कातडं. पॉड बघून गाडी तो घेऊनच जन्माला आली असं वाटायला हवं. डार्सीच्या पॉडकडे बघून तसं वाटायचं. व्हर्जिलकाका तिच्या नवऱ्याचे, ब्रेंटचे, सख्खे काका. काम त्यांनीच तिला शिकवलं आणि ती त्यात तयार झाल्यावर गिऱ्हाइकांना सांगायला लागले की हे मी केलंय.

पण डार्सीचं नाव होतं ते कानासाठी. दर वर्षी पानं गळायला लागली की जत्रेच्या मैदानावर गाड्यांच्या आवाजाची स्पर्धा भरते. परीक्षक डावीकडे, स्टिअरिंगमागे बसतो, दार लावून घेतो, गाणं लावतो आणि डोळे मिटतो. गाणारा डॅशबोर्डच्या मधोमध, आरशाच्या बरोबर खाली उभा राहायला हवा. तिथे कोणी नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. तरी चांगल्या गाडीत डोळे मिटून त्याच्याकडे बोट दाखवता येतं, आणि वाईट गाडीत तो परीक्षकाच्या डाव्या गुडघ्यावर येऊन बसतो. त्याला गुडघ्यावरून उठवून आरशाखाली नेऊन उभा करायचं काम डार्सी करायची. जवळच्या स्पीकरला केसभर थांबवायचं, लांबच्याला पुढे येऊ द्यायचं, एकाचा आवाज खाली, एकाचा वर. दुसरे लोक माइक आणि लॅपटॉप लावून करत. तीही लावायची, पण मग लॅपटॉप बंद करून म्हणायची, "आता ऐकू या."

या वर्षी तिला स्वतःची गाडी उतरवायची होती. आजीकडून आलेली मरून ब्युईक. आणि नेमके तिचेच पॉड अर्धे राहिले होते.

तेव्हा असं ठरलं, की हात ब्रेंटचे आणि तोंड डार्सीचं. ब्रेंट शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी झाली की दुपारपर्यंत मोकळा. तो ओट्याजवळ रेझिन कालवायचा आणि डार्सी वाऱ्याच्या उलट्या बाजूला, अंगणाच्या पार टोकाला, घडीच्या खुर्चीत पोटावर हात ठेवून बसायची.

"डावा जास्त वळलाय," ती ओरडायची.

"नाही वळलेला."

"ब्रेंट, मला दिसतोय."

"तुला तिथून पॉड दिसतोय?"

"इथूनच दिसतो. तू नाक लावून बसलायस, तुला काय दिसणार?"

ब्रेंटने एक पुठ्ठा कापला, उजव्या पॉडला लावला, मग उलटा करून डाव्याला लावला आणि झेंड्यासारखा वर धरला. "तंतोतंत! पुठ्ठा खोटं बोलत नाही."

डार्सीला त्या वेळी छातीत जळजळत होतं. तिने जाऊ दिलं.

मग ओटिस झाला.

ओटिस गोरापान, टकला आणि फार स्पष्ट मतांचा होता. त्याला पाळणा नको होता, झोळी नको होती, आजीने विणलेलं पांघरूण तर बघायलाही नको होतं. तो झोपायचा एका ठिकाणी, ब्युईकच्या मागच्या सीटवर, त्याच्या टोपलीवजा खुर्चीत, पाठ पुढे करून. आणि तेही स्पीकरमधून खरखर चालू असेल तरच. ही खरखर म्हणजे लांबून येणाऱ्या धबधब्यासारखा एकसुरी आवाज. स्पीकर लावणारे लोक तो माइकने मोजायला वाजवतात. डार्सीने एकदा मोजायला म्हणून हळू लावला आणि मागे वळून बघते तर ओटिस तोंड उघडं टाकून झोपलेला.

त्यानंतर रोज दुपारी तेच. ओटिस मागे झोपायचा, डार्सी पुढे बसून, सूर लावावा तशी, हलक्या आवाजात गाडी लावायची. जगातल्या दुसऱ्या कुठल्या बाळाच्या झोपेतून इतकं काम निघालं नसेल.

फक्त एक गोष्ट तिने बरेच दिवस कोणाला सांगितली नाही. तिला रडणं ऐकू यायचं. नळाच्या पाण्यात, केस वाळवायच्या यंत्रात, त्या खरखरीत तर नक्कीच. धावत जावं तर ओटिस गाढ झोपलेला. शेवटी न राहवून तिने गाळ्यात व्हर्जिलकाकांना सांगितलं.

"व्हायचंच ते," काका पावासारख्या जाड बिस्किटावर सॉसेजची ग्रेव्ही ओतत म्हणाले. "पोर झालं की बाईचे कान त्याच्याकडे जातात, पोरी. तुझ्या काकूचे गेले ते परत आलेच नाहीत."

"काकूंना नीट ऐकू येतं की."

"माझं नाही येत."

डार्सी हसली. पण घरी जाताना तिला हसू आलं नाही. कारण ब्युईकमध्ये तो गाणारा बोटभर डावीकडे उभा होता.

आरशाखाली नाही, आरशाच्या जरा डावीकडे. एक बोट. माइक म्हणायचा मधोमध. ब्रेंट म्हणायचा मधोमध. पण ब्रेंट सहा वर्षं चाळीस पोरांच्या पुढे बसून बस चालवत होता, त्याच्या कानात आता काय उरलं असणार! व्हर्जिलकाका आले, बसले, डोळे मिटले, घोरले आणि उठून म्हणाले, मधोमध. सगळं जग मधोमध म्हणत होतं. आणि डार्सीला तर नळात रडणं ऐकू येत होतं. मग ते बोट तरी खरं कशावरून? तिने हात लावला नाही. कान गेले असतील तर हात लावून आणखी बिघडवायचं कशाला?

म्हणून या स्पर्धेत तिला बक्षीसबिक्षीस नको होतं. तिला परीक्षकाच्या तोंडून एकच ऐकायचं होतं, गाणारा कुठे उभा आहे ते. तो मधोमध म्हणाला, तर गाळ्यात परत गेल्यावर ती कातडं शिवेल, पुट्टी घासेल, पण गाडी लावायला बसणार नाही. हे तिने मनात पक्कं केलं होतं. ब्रेंटला सांगितलं नव्हतं. ब्रेंटला ते माहीत होतं.

स्पर्धेच्या दिवशी ब्रेंट पहाटे उठला आणि त्याने बायकोला खूश करायचं ठरवलं. गाडी आतून झाडली, पुसली, दुधाचे डाग काढले. ओटिसची खुर्ची खालच्या बैठकीसकट काढून स्वतःच्या गाडीत टाकली. शेजारची पुढची सीट, जी त्या खुर्चीला जागा द्यायला कित्येक महिने पार डॅशबोर्डला टेकून उभी होती, ती मागे सरकवून ड्रायव्हरच्या सीटच्या रांगेत आणली. ब्युईक जाहिरातीतल्यासारखी दिसायला लागली.

मैदानावर मटण भाजल्याचा धूर पसरला होता. ब्रेंट ओटिसला आपल्या गाडीतून घेऊन मागोमाग आला. डार्सीने ब्युईक रांगेत लावली, एकदा ऐकून घ्यावं म्हणून गाणं लावलं आणि तशीच बसून राहिली.

ब्रेंट काचेशी वाकला. "काय झालं?"

"तो गेला."

"कोण?"

"गाणारा. उजवीकडे गेलाय. हातभर." तिने डॅशबोर्डच्या उजव्या टोकाच्या खणाकडे बोट केलं. "तिथे उभा आहे."

ब्रेंटने आत डोकं घालून कान दिला. "मला तर छान वाटतंय."

"तुला आगीचा बंबही छान वाटतो." तिने गाणं हळू केलं. "काल जागेवर होता, ब्रेंट. कोणी कशाला हात लावला नाही. एका रात्रीत आवाज चालत जातो का? आवाज नाही गेला. मीच गेले. काका म्हणतात ते खरंय. नाव काढून घे आपलं."

"थांब ना जरा."

"थांबून काय होणार? तो आता खणात जाऊन बसेल."

तेवढ्यात ओटिस रडला. खराच. आजूबाजूच्या चार गाड्यांमधले लोक वळून बघायला लागले. ब्रेंटने त्याला टोपलीत हलवून पाहिलं, उचलून पाहिलं, बघ ट्रक, बघ कुत्रा, असं सगळं करून पाहिलं. शेवटी धावत जाऊन आपल्या गाडीतून खुर्चीची बैठक आणली. "हा बाहेर झोपायचा नाही. याला याच्या जागेवर ठेवतो आणि खरखर लाव."

"नाव काढ म्हणते मी, आणि तू..."

"आधी हा झोपू दे, मग काढू."

गाणं अजून हळू आवाजात चालूच होतं. डार्सी स्टिअरिंगमागे हात मांडीत टाकून बसली होती. ब्रेंटने शेजारच्या सीटखालचा दांडा ओढला आणि सीट पुढे, पार डॅशबोर्डपर्यंत, ढकलली.

गाणारा खणापासून उठला, चालत आला आणि आरशाजवळ उभा राहिला. चहा प्यायला गेलेला माणूस जागेवर परत येतो तसा.

डार्सी हलली नाही. "मागे घे," ती म्हणाली.

"काय मागे?"

"सीट."

ब्रेंटने सीट मागे घेतली. गाणारा खणाकडे गेला.

"पुढे."

गाणारा परत आला.

"डार्सी, पोरगं रडतंय आणि तू..."

"ब्रेंट, ही सीट तू मागे घेतलीस?"

"सकाळी. छान दिसावी म्हणून."

डार्सीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचं डोकं जवळ ओढून त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, "गाढवा." उजव्या दारातला स्पीकर इतके महिने त्या सीटच्या आड होता; सीट मागे गेली तसा तो उघडा पडला आणि त्याने गाणाऱ्याला आपल्याकडे ओढलं. ती गाडी लावत बसली होती ती त्या सीटसकट, त्या खुर्चीसकट आणि खुर्चीतल्या ओटिससकट. खुर्ची बसली, ओटिस आत गेला, खरखर लागली. दोनदा हुंदका देऊन तो झोपला.

परीक्षकांचं नाव स्टॅम्पर. उंच, वाकलेले गृहस्थ, खिशात नाक पुसायचा मोठा रुमाल. त्यांनी मागे बघितलं.

"हे काय आहे?"

"बाळ आहे, सर," डार्सी म्हणाली.

"ते दिसतंय मला. हे गाडीच्या बांधणीत धरायचं का?"

डार्सीने विचार केला. "हो, सर."

स्टॅम्परनी नियमांत बाळाबद्दल काही आहे का ते आठवून पाहिलं. नव्हतं. "आवाज किती ठेवायचा ते गाडीवाल्यानं सांगायचं असतं," ते म्हणाले.

"आपण बोलतोय एवढाच."

"मार्क जातील. जोर दिसायचा नाही त्यात."

"जाऊ देत. त्याच्या वर नाही न्यायचा, सर."

"मलाही नातवंडं आहेत," स्टॅम्पर म्हणाले, आत बसले आणि दार इतकं हळू लावलं की ते लागलं की नाही ते कळलं नाही.

बाहेर डार्सी आणि ब्रेंट उभे राहिले. व्हर्जिलकाका मटण भरलेला पाव खात येऊन शेजारी थांबले. काचेतून स्टॅम्परचे मिटलेले डोळे दिसत होते. गाण्यांनंतर एक रिकामा तुकडा असतो, त्यात काहीच वाजत नाही; यंत्रं स्वतःहून गुणगुणतात का ते त्यात कळतं.

"उचकी लागलीय त्याला," डार्सी म्हणाली.

"कोणाला?"

"ओटिसला."

"दारं बंद आहेत, पोरी," काका तोंडात घास ठेवून म्हणाले. "हे तुझं ते नळातलं."

डार्सी काचेच्या आणखी जवळ सरकली.

स्टॅम्पर बाहेर आले. दार परत तसंच लावलं. "तुमची यंत्रं स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "पण मागून आवाज येतो. ठरावीक वेळाने. उचकीचा आहे. मला अर्धा मार्क कापावा लागला."

काका चावायचे थांबले.

"आणि गाणारा?" डार्सीने विचारलं. तिने ब्रेंटची बाही धरली होती आणि तिला ते माहीत नव्हतं.

"आवाजाचा मंच फार सुंदर आहे. खोल आहे. पण गाणारा मधोमध नाही." स्टॅम्परनी आपला हात वर केला, बोटांकडे पाहिलं आणि नेमकं एक पुढे केलं. "एवढा डावीकडे."

"एक बोट," डार्सी म्हणाली.

"एक बोट."

डार्सीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. स्टॅम्परनी कमी मार्कांमुळे रडणारे पुष्कळ लोक पाहिले होते. त्यांनी रुमाल पुढे केला. "बाई, त्याचाही अर्धाच कापलाय."

"पूर्ण कापा, सर," डार्सी रडत म्हणाली. "पूर्ण कापा."

बक्षीस एका निळ्या ट्रकला मिळालं. संध्याकाळी डार्सी ब्युईक चालवत घरी निघाली. ब्रेंटची गाडी व्हर्जिलकाका घेऊन येत होते, कारण त्यांना आज जास्त बोलायचं नव्हतं. ब्रेंट डार्सीच्या शेजारी, डॅशबोर्डला टेकलेल्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून बसला होता. मागे ओटिस झोपला होता. गाणारा हळू आवाजात, बोटभर डावीकडे, गात होता.

"डावा पॉड," बऱ्याच वेळाने ब्रेंट म्हणाला.

"हं."

"वळलाय थोडा."

"हं."

"मग उद्या काढायचा?"

"काढायचा. ओटिस अंगावर पितोय तोवर रेझिन मला चालणार नाही. हात तुझे."

"आणि तू लांब खुर्चीत?"

"मी लांब खुर्चीत."

ब्रेंटने गुडघे जरा सरळ करायचा प्रयत्न केला, ते झाले नाहीत. "पुठ्ठा ठेवलाय मी जपून."

"जाळ तो," डार्सी म्हणाली. मग एकदम मान तिरकी करून तिने गाण्याचा आवाज कमी केला. "उठतोय तो."

ब्रेंटने अवघडत मागे वळून पाहिलं. ओटिस शांत होता. तरी ब्रेंटने पायाशी पडलेली पिशवी चाचपून तिच्या दुधाची बाटली काढून हातात धरली. ते पूल उतरत होते तेव्हा ओटिसने डोळे उघडले.