पाटीसारखं पुसलेलं पान

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. अर्धापूरजवळच्या एका शाळेतल्या लोखंडी कपाटात, खडूंच्या डब्याशेजारी माझी जागा. माझ्या काचेचा एक कोपरा तडकलाय आणि चार्जरची वायर रबराने बांधलेली आहे. कपाटाचं दार करकरलं की मला वाटतं, आता कोण आलं असेल? वर्गात नेणारं, की भंगारात देणारं?

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतात ती पहिली बोटं, इवलीशी, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेली. तनुजा मॅडमनी मला खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मुलं अशी वाकली, की त्यांच्या श्वासानेच माझी काच धूसर झाली.

"हळू रे! लेकराला घेतात तसं घ्या त्याला," मॅडम म्हणाल्या.

निलंग्याकडच्या एका शाळेत माझ्यासारखाच एक टॅब होता. दोन्हीकडची मुलं मिळून, इंटरनेटवरच्या एकाच पानावर, इंग्रजीत एक गोष्ट लिहीत होती. इथे लिहिलेलं अक्षर त्याच क्षणी तिथे दिसायचं. लिहिणाऱ्याच्या नावाची एक रंगीत रेघ त्याच्या शब्दापाशी लुकलुकायची. गोष्ट होती लातूर-अर्धापूर बसमध्ये चढलेल्या एका म्हशीची. कंडक्टर तिच्याकडे तिकीट मागून मागून दमला होता! मॅडमचा नियम असा, की पानावर इंग्रजीच लिहायचं, मोडकंतोडकं चालेल. पण दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायचं नाही.

सगळी मुलं खिदळत लिहायची. विशाखा मात्र नाही. तिची लाल रेघ एका जागी थरथरत उभी राहायची. एक अक्षर लिहायची, लगेच खोडायची.

"मॅडम, तिकडचे बघून राहिलेत की! हसतील मला."

तिचं गार बोट काचेवर टेकलं की मलाही भीती वाटायची. ती किती घाबरलीय, ते मला त्या बोटावरून कळायचं.

मॅडम मला रविवारी पाळीपाळीने एकेका मुलाच्या घरी पाठवत. विशाखाची पाळी आली. मला फडक्यात गुंडाळून ती केळीच्या बागेतल्या हौदापाशी आली, कारण रेंज तिथेच यायची. तिची आई, महामाया, हौदावर धुणं धूत होती. विशाखाने इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच एक पूर्ण ओळ लिहिली.

"आण, दाखव बरं," आई म्हणाली.

"आई, तुला इंग्रजी कुठं येतं?"

"न येऊ दे. ओळ सरळ हाय का वाकडी, ते तर कळतं का न्हाई?" ओले हात लुगड्याला पुसून तिने माझ्यात डोकावलं. "हाव, लई छान!"

आई पिळे घेऊन वाळत घालायला गेली. आणि विशाखाने तेच केलं, जे ती पहिलीपासून करत आली होती. पाटीवर लिहायचं, आईला दाखवायचं, आई छान म्हणाली की पाटी पुसायची. तिला वाटलं, इथलं पुसलं तरी निलंग्याच्या पाटीवरचं तिथं राहीलच. तिने सगळं पान निवडलं आणि पुसून टाकलं.

म्हैस गेली. बस गेली. कंडक्टरही गेला.

पांढऱ्याफटक काचेकडे ती बघत राहिली. इथलं लिहिलेलं तिथे दिसतं. मग इथलं पुसलेलं? तिचा चेहरा उतरला.

"अगं बाई, सुकन्याचं पण गेलं," ती पुटपुटली. सुकन्या म्हणजे निलंग्याकडची मुलगी, म्हशीला बसमध्ये चढवणारी. "आता मला कुणी लिहूच देणार न्हाई."

मला सगळं माहीत होतं. पुसलेलं पान परत आणता येतं, हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

तिने मला उचललं आणि हौदावर धरलं. खाली हिरवंगार, खोल पाणी.

"पाण्यात पडला म्हणलं तर कुणाला काय कळंल?"

तिची बोटं सैल होत होती. मित्रांनो, तेवढा मी कधीच घाबरलो नाही. पण खरं सांगू? ते लेकरू माझ्याहून जास्त घाबरलं होतं.

तेवढ्यात माझ्या काचेवर एक हिरवी रेघ लुकलुकली. सुकन्याची रेघ. कोऱ्या पानावर एकेक अक्षर उमटलं: हू इज देअर?

रेघ वाट बघत होती. विशाखाने मला मांडीवर घेतलं, डोळे पुसले आणि लिहिलं: आय विशाखा. आय क्लीन पेज. सॉरी. आय अफ्रेड.

यावेळी तिने एकही अक्षर खोडलं नाही.

विशाखाने ओठ दाताखाली धरला. मग उत्तर आलं: आय ऑल्सो क्लीन, वन टाइम. आय क्राय. मॅडम ब्रिंग बॅक. डोन्ट क्राय.

आई परत आली. "काय गं, रडून राहिलीस का हसून राहिलीस?"

"दोन्ही," विशाखा म्हणाली आणि मला छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना स्वतःच सगळं सांगितलं. मॅडमनी माझ्या काचेवर बोटं फिरवून जुनं पान परत आणलं, म्हशीसकट. शेवटी विशाखाने भर घातली: म्हैस अर्धापूरला उतरली. तिला भीती वाटत होती, तरी उतरली.

मग नवे टॅब आले आणि मी कपाटात गेलो. आता माझी बॅटरी फुगू लागलीय. म्हणून मुलांनो, तुमच्या घरी माझी भावंडं असतील तर त्यांना उन्हात टाकू नका, चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका. आणि दुसऱ्याबरोबर लिहिताना एखादी रेघ एकाच जागी थरथरत उभी दिसली, तर हसू नका. तिच्यामागे कुणीतरी हौदाच्या काठावर उभं असेल. त्याला फक्त विचारा, कोण आहे?