तिसरा भाग कुणाबरोबर

वॉशिंग मशीननं टीं टीं टीं केलं आणि घरातली शांतता मोडली. तिनं खांदे आवळले, श्वास धरला. आपण हललो नाही तर तान्हा उठणार नाही, असा तिचा एक खुळा समज होता, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरायचा. तान्ह्यानं ओठ मुडपले, मूठ उघडली, मिटली आणि पुन्हा झोपेत गडप झाला. कपडे राहू देत ओले. तिनं टीव्हीचा आवाज आणखी एक घर खाली आणला.

पडद्यावर दिवेवाली उभी होती. ताऱ्यांमधल्या वाटेवर, कुठल्याही गावापासून दूर, एका दीपगृहात एकटीच राहणारी बाई. सोबतीला कामापुरतं एक यंत्र, ज्याला टीव्हीसमोर बसलेली ही आणि हिचा धाकटा भाऊ लहानपणी 'खोकं' म्हणायचे. आणि रोज रेडिओवरून येणारा, लांबच्या जहाजावर असलेल्या दिवेवालीच्या भावाचा आवाज. पहिल्या भागाच्या शेवटी कळतं, की भाऊ कधीच गेला. बाईनं एकटेपणानं खचू नये म्हणून खोकंच त्याच्या आवाजात बोलत होतं.

ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती स्वतः बारा वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ सात. एका चादरीत दोघं. तिनं त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला होता, कारण पुढे काहीतरी वाईट येतंय हे तिला वासावरून कळलं होतं. त्यानं बोटं फाकवून बघितलं आणि असं भोकाड पसरलं, की शेजारच्या काकू विचारायला आल्या. आपण कुणाला तरी काहीतरी दाखवलं, आणि ते त्याच्या आत कायमचं जाऊन बसलं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

म्हणून तर भिंगरीसाठी तिनं हे राखून ठेवलं होतं. भिंगरी म्हणजे थोरली लेक. पाय जमिनीला टेकले की गिरकी घेणारी, म्हणून भिंगरी. पाचव्या वर्षी नको, घाबरेल. सहाव्या वर्षी नको, घरात तान्हा आला. आता सात पूर्ण झाली होती. या सुट्टीत दाखवायचं, तिच्या शेजारी बसायचं आणि पडद्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं. त्याचीच तयारी म्हणून ती तुकड्यातुकड्यानं पुन्हा बघत होती. तान्ह्याची झोप जेवढी, तेवढा चित्रपट.

दाराची कडी वाजली. मामाकडे चार दिवस राहिलेली भिंगरी आत आली, पाठीवरची पिशवी तिथेच टाकली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे, दिवेवाली. हिला अजून कळलंच नाहीये ना, की तो आवाज खोक्याचा आहे?"

आईच्या हातातला रिमोट तसाच राहिला.

मागून भाऊ आणि भावजय आत आले. भावजयीच्या हातात भिंगरीचे बूट होते. म्हणजे गाडीत तिनं ते काढले असणार, आणि यांनी काढू दिले असणार.

"दाखवलास तू तिला?" ती भावाला म्हणाली.

"अगं ताई, सगळेच. म्हणजे तिसरा सोडून. तिसरा कोण बघतंय, झोप लागते."

"आणि सुरुवात कुठून केलीस?"

भावानं डोकं खाजवलं. लहानपणी काच फोडल्यावर खाजवायचा, अगदी तसंच. "गोष्टीच्या क्रमानं. चौथा आधी."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. चौथा भाग निघाला सगळ्यात शेवटी, पण त्यात गोष्ट आहे सगळ्यांच्या आधीची: खोकं कुणी बनवलं, त्याला माणसाचा आवाज काढायला कुणी शिकवलं. तो आधी बघायचा म्हणजे झाकलेलं ताट पाहुण्यासमोर आणण्याआधी जिन्यातच उघडून दाखवायचं. जगात या चित्रपटांचे वेडे दोन जातींचे. निघाले त्या क्रमानं बघणारे, आणि घडलं त्या क्रमानं बघणारे. ही पहिल्या जातीची, कट्टर. आणि भावाला तिनंच वाढवला होता.

"तू माझ्या हाताखाली शिकलास रे," ती म्हणाली. "घरचा भेदी."

"माझंच चुकलं ताई," भावजय मध्ये पडली. "मीच म्हटलं, लहान मूल आहे, सरळ गोष्ट सांगितली तर समजेल. मीही पहिल्यांदाच बघत होते ना."

भावजय पोहायला शिकवायची. रुंद खांदे, शांत आवाज, पाण्याला घाबरणाऱ्या पोरांना हाताच्या तळव्यावर तरंगवायची सवय. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यांच्या घरात मोठा पडदा होता, सोफ्यावर डाग नव्हता, दुपारी झोपवायला कुणी नव्हतं.

"रडली का?" तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"भिंगरी? नाही हो. मीच रडले. हिनं माझा हात धरून ठेवला. म्हणाली, मामी, काही होत नाही, त्याला तिला खूश ठेवायचंय." भावजय हसली. "आणि आता आमचा तिसरा राहिलाय. हे तर बघूच देत नाहीत. पण आम्ही ठरवलंय, पुढच्या वेळी आम्ही दोघीच बघणार. मीही पाहिलेला नाही, तीही. हो ना गं?"

"हो," भिंगरी गिरकी घेत म्हणाली. "पक्कं ठरलंय."

आई हसली. असं हसली, की गालाचे स्नायू दुखले.

*

ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यावर मेण चढवायचं, एकेक दात बसवायचा, कवळी तयार करायची. काम बोटांचं, डोकं मोकळं. आणि मोकळं डोकं म्हणजे जळक्या मनाला आंदण. मेण तापवता तापवता ती मनातल्या मनात भावजयीशी भांडायची. मला कुणाचा मोठा पडदा नको. पण माझ्या पोरीचा हात तुम्ही का धरलात? बरं, तिनं तुमचा धरला. मग तर आणखीच वाईट.

जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून पुढचा तुकडा बघायची. शेजारच्या टेबलावरची बाई, जिला सगळे कवळीमावशी म्हणायचे, एकदा वाकून बघत म्हणाली, "काय गं, अजून तेच? हिरोईन तर जुन्या फ्रिजमध्ये राहिल्यासारखी वाटते."

"दीपगृह आहे ते."

"असेल बाई. दार मात्र फ्रिजचंच आहे."

खरंच होतं. वीस वर्षांनी बघताना दार फ्रिजचंच दिसत होतं. भिंती पत्र्याच्या, चांदण्या म्हणजे काळ्या कापडाला पाडलेली भोकं. पण त्याचं तिला काही वाटलं नाही. गंमत वेगळीच झाली होती. पहिल्या भागात, रेडिओवर भावाचा आवाज आला की उत्तर देण्याआधी दिवेवाली पटकन कोपऱ्यातल्या खोक्याकडे एक नजर टाकते. प्रत्येक वेळी. लहानपणी तिला ते दिसलंच नव्हतं. बाईला पहिल्यापासून संशय होता. कदाचित माहीतच होतं. ती फसत नव्हती, फसवून घेत होती.

म्हणजे रहस्य हे रहस्य नव्हतंच. म्हणजे भिंगरीनं सगळं आधी माहीत असून बघितलं, यात बिघडलं काहीच नव्हतं. उलट दिवेवालीला जे माहीत होतं, तेच घेऊन ती बसली होती. भावाला फोन करून सांगावं, असं तिला क्षणभर वाटलं. अरे, तू बरोबर होतास, अक्कल नसताना बरोबर होतास. मग फोन भावजयीनं उचलला तर काय, असं मनात आलं आणि तिनं मोबाइल खिशात टाकला.

दुसऱ्या भागाबद्दल मत बदललं नाही. नुसती मारामारी, आणि एका माणसाची मिशी प्रत्येक दृश्यात वेगळी. चौथा तर तिनं पुढे पळवत पळवत बघितला. उरला तिसरा. सगळ्यांनी हसून सोडून दिलेला, 'स्वयंपाकघरातलं अंतराळ' म्हणून चिडवलेला. त्यात काही घडत नाही. दिवेवालीला एक मुलगी झालेली असते. शेजारच्या दीपगृहाचा दिवा विझतो, तो दुरुस्त करायला तिला जावं लागतं. मुलगी मागे, खोक्याबरोबर. बस एवढंच. लहानपणी तिला तो कंटाळवाणा वाटला होता. तरी कुणी नावं ठेवली की ती भांडायची, कारण बाकी कुणीच त्याच्या बाजूनं नव्हतं.

तो तिनं जेवणाच्या सुट्टीत लावला नाही. राखून ठेवला.

*

शनिवारी नवऱ्याला सुट्टी होती. तान्ह्याला गाडीत घालून तो बाहेर निघाला. "किती वेळ हिंडवू?" त्यानं विचारलं.

"तो झोपेपर्यंत. आणि झोपल्यावर पुन्हा उठेपर्यंत."

"म्हणजे मी घराबाहेरच राहू?"

"तुझ्यावर सोपवलंय ना."

दार लागलं. तिनं पडदे ओढले, सफरचंद कापलं, दोन चादरी आणल्या, मग एक परत ठेवली. भिंगरीला हाक मारली. "ये गं. तिसरा लावते."

भिंगरी दारातच थांबली. गिरकी नाही, काही नाही. "तो मामीबरोबर बघायचाय."

"मामीला नाही आवडायचा तो. मामाला विचार, झोपच लागते."

"पण मामी म्हणाली..."

"अगं, आईबरोबर बघितलं तर काय बिघडलं? मी तुला कधीपासून दाखवायचं ठरवलं होतं. तू पोटात होतीस तेव्हापासून." हे खरं होतं, आणि खरं असूनही तिला ते लबाडीसारखं ऐकू आलं.

भिंगरीनं एक पाऊल मागे घेतलं. मग आईच्या तोंडाकडे बघितलं, नीट बघितलं, आणि चादरीत येऊन बसली. लहान मुलं अशी का बघतात, ते तिनं त्या क्षणी स्वतःला विचारलं नाही. तिनं प्ले दाबलं.

आणि मग ती पडद्याकडे बघायची विसरली. भिंगरीच्या नाकपुड्या किंचित फुगायच्या, ओठ पुढे यायचे, घास तोंडात तसाच राहायचा. दिवेवाली अंगावर जाड पोशाख चढवत होती. भिंगरीनं आईचा दंड पकडला. घट्ट. आईला वाटलं, आपण जिंकलो.

पण चित्रपटानं तिला तसं सुखानं राहू दिलं नाही. दिवेवाली दार लावून निघाली तेव्हा मुलीनं काचेला नाक लावलं, आणि कुणी रडत नव्हतं, संगीतही नव्हतं, नुसता पंख्याचा आवाज. याला लोक कंटाळवाणं म्हणतात. ज्यांना पाळणाघराच्या दारात पोराला सोडून पाठ फिरवावी लागली नाही, ते म्हणणारच. कितीतरी वर्षांनी एक मत तिला आतून सापडलं: बाकीचे तीन भाग या एका भागासाठी काढले होते.

शेवटाकडे ते दृश्य आलं. मुलीला झोप येत नाही. खोकं विचारतं, तुझ्या आईच्या आवाजात बोलू का? मला येतं. मुलगी त्याच्याकडे कूस वळवते. मग म्हणते, "नको. तुझ्याच आवाजात बोल." आणि खोकं, ज्यानं आजवर फक्त दुसऱ्यांचे आवाज काढले, ते घाबरत घाबरत, खरखरत, स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगायला लागतं.

भिंगरी रडली. हुंदका नाही, आवाज नाही. डोळ्यांतून पाणी नुसतं येत राहिलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. आईनं तिला कुशीत ओढलं. याच तोंडासाठी तिनं इतकी वर्षं हे राखून ठेवलं होतं. हे भावानं बघितलेलं नव्हतं. मोठ्या पडद्यानं नव्हतं. ज्या बाईच्या हाताच्या तळव्यावर जगातली पोरं तरंगतात, तिनं हे बघितलेलं नव्हतं आणि आता कधीच बघणार नव्हती. तिच्या मनात हे वाक्य असं पुरं झालं आणि थांबलं. कधीच बघणार नव्हती.

फोन वाजला. भावजयीचं नाव दिसलं. तिनं उचलला.

"ताई, उद्या भिंगरीला घेऊन जाऊ का? तिसरा मिळाला मला, चांगल्या प्रतीचा. यांना बाहेर हाकलते. दोघीच बघतो." पलीकडे पाण्याचा, पोरांचा गलका होता, ती तलावाकाठूनच बोलत असावी. "खरं सांगू, आठवडाभर मी कुणाला काही विचारलं नाही, कुठे काही वाचलं नाही. तिच्याबरोबरच कळू दे म्हटलं. चालेल ना तुम्हाला?"

"हो," ती म्हणाली. "घेऊन जा ना."

"तिला सांगा हं. वाट बघतेय म्हणावं."

फोन ठेवला. पडद्यावर नावं वर सरकत होती. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडल्या होत्या. भिंगरीनं सगळं ऐकलं होतं. भावजयीचा आवाज मोठा होता, शिकवणाऱ्या बाईचा. ती चादरीतून बाहेर आली, आईसमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी डोळे पुसून ते कोरडे करत राहिली, जणू उद्यासाठी तयारी करत होती.

"आई," ती म्हणाली, "उद्या मामीबरोबर बघताना, मी पहिल्यांदाच बघतेय असं करायचं का?"