परदेशी लाकडाच्या दोन काठ्या

बोटी फायबरच्या झाल्या आणि आमच्या दांडी गावात माझ्यासारख्या होडीच्या सुताराला कोणी विचारेनासं झालं. चार वर्षं हातावर हात धरून बसलो. भाचा कमलेश बोईसरच्या एका कंपनीत मला झाडूकाम लावून देणार होता. मरेन पण हातात झाडू धरणार नाही, असं बायकोला, मंजुळाला सांगून मी कुंभवलीच्या मेहुलशेठकडे गेलो.

जुन्या इराणी हॉटेलांत असायच्या तशा खुर्च्या तो बनवतो. पाठ म्हणजे एकच काठी, गोल वाकवलेली. त्याने मला सगळा इतिहास ऐकवला. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी व्हिएन्नात एका सुताराने काठी वाफवून वाकवली, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी कसली म्हणजे लाकूड फाटत नाही, मग खुर्च्या सुट्या करून खोक्यांतून जहाजाने मुंबईपर्यंत आल्या. मला हसूच आलं. माझा बाप मारुती आगीवर फळ्या वाकवून होड्या बांधायचा, त्याला कुठल्या व्हिएन्नाने शिकवलं होतं?

शेठकडे या खुर्च्यांना लागणाऱ्या परदेशी लाकडाच्या दोनच काठ्या उरल्या होत्या. एक नीट वाकवा, कायमचं कामाला ठेवतो, म्हणाला.

आमच्या होडीकामात फळीने बाक घेतला की मुख्य सुताराने उजवा हात सोडून कपाळाला लावायचा, नमस्कार म्हणून. तिथे फळीला चार माणसं लटकलेली असतात, एक हात सुटला तरी चालतं. इथे मी एकटा. पहिली काठी वाफेतून काढून साच्याभोवती ओढली, तिने बाक घेतला आणि माझा हात कपाळाकडे गेला. पट्टी निसटली, काठी उभी फाटली.

शेठ ओरडला नाही, तेच जास्त लागलं. हात तेवढा सोडू नका, म्हणाला.

दुसऱ्या वेळी दात आवळून ओढत राहिलो. हात सोडायचा नाही, एवढंच डोक्यात. अर्धा गोल झाला. कुठे चीर नाही. चार वर्षांनी माझ्या हाताखाली लाकूड वळत होतं. डोळे भरून आले, आणि मी, गाढवाने, नमस्कार केला.

काठी फाटल्याचा आवाज अगदी लहान झाला.

शेठने वाफ बंद केली. मी त्याच्यापुढे उजवा हात धरला.

"माजा हात साच्याला बांधून ठेवा, शेठ. पन मना उद्या बोलवा."

"लाकूड संपलं, काका."

घरी आलो. मंजुळाने काही विचारायच्या आत तिला म्हटलं, कमलेशला फोन लाव.