सरळभांगाचं मत

गल्लीच्या तोंडाशी त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि सगळे त्याला सरळभांग म्हणत. नाव उगीच पडलं नव्हतं. त्याच्या हातात दिलेलं डोकं भांग पाडूनच बाहेर यायचं. कानावरचं सगळं भादरून वर तुरा ठेवायची टूम घेऊन कुणी आलाच, तर तो त्याला खुर्चीवरून उठवायचा. "निम्म्या डोक्यावर जंगल आणि निम्म्यावर माळ, हे मला जमत नाही. पुढच्या चौकात जा," म्हणायचा.

राजकारणातही त्याचं तेच. जुना पक्ष बापाचा, म्हणून त्याचाही. संप करणाऱ्यांना घरी बसवावं, मूल आईच्या मांडीवर वाढावं, थोरांपुढे आवाज चढवू नये, ही त्याची मतं तो कधी झाकून ठेवत नसे. गिऱ्हाईक बसलं, गळ्याशी कापड बांधलं, गालावर फेस चढला, की तो सुरू व्हायचा. आता मानेवर वस्तरा असताना कोण वाद घालतो? त्यामुळे सगळा वॉर्ड आपल्याच मताचा आहे, अशी त्याची कित्येक वर्षं समजूत होती.

अशा माणसाला एकुलती एक लेक. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जायची. तिथल्या बायकांची पोरं दिवसभर कुठे ठेवायची, यावरून तिने साहेबांशी भांडण काढलं, ते वाढत वाढत पाळणाघरापर्यंत गेलं आणि पाळणाघरातून नव्या पक्षापर्यंत. एका सकाळी चहा घेताना तिने सांगितलं की वॉर्डाच्या निवडणुकीला पक्षाने तिला उभं केलं आहे. सरळभांगाने कप खाली ठेवला. या घरात जेवणाखाण्याच्या वेळी हा विषय निघायचा नाही, एवढंच बोलून तो दुकान उघडायला गेला. बायकोच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं होतं की तिला हे आधीच ठाऊक होतं. त्याचंच त्याला जास्त लागलं.

दुकानात मात्र त्याने पहिल्याच गिऱ्हाइकाला ऐकवलं, "लेक आहे म्हणून काय झालं? तत्त्व ते तत्त्व. माझं मत तिला नाही." ऐकणाऱ्याने मान डोलावली, बाकावर बसलेल्यांनी वाहवा केली. सरळभांगाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

ती वाहवा वॉर्डाच्या अध्यक्षांच्या कानावर गेली. हे जुन्या पक्षाचे अध्यक्ष त्याच्याकडे दाढीला येत ते तरुणपणापासून. त्या दिवशी ते खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले की रविवारी चौकात सभा आहे, तुम्ही दोन शब्द बोला. दुकानात बोलता तेच.

सरळभांगाचा ब्रश थांबला. दुकानातलं बोलणं दुकानातच बरं, असं काहीतरी तो पुटपुटला.

"का?" अध्यक्षांनी डोळे उघडून आरशातून त्याच्याकडे बघितलं. "इथे खोटं बोलता का?"

तो कचाट्यात सापडला तो तिथेच. हो म्हणावं तर इतक्या वर्षांची सगळी बडबड पोकळ. नाही म्हणावं तर रविवारी चौकात जाणं आलं. अध्यक्षांचा एक गाल व्हायचा होता. तसा अर्धवट माणूस टाकून बाहेर पडताही येईना. उरलेला गाल करता करता तो हो म्हणून गेला.

रविवारी त्याने इस्त्रीचा सदरा घातला. बायकोने कुठे निघालात म्हणून विचारलं नाही, याचा अर्थ तिला कळलं होतं. मंचावर माईक हातात आल्यावर तो पहिलं वाक्य म्हणाला, "मी माझ्या मुलीला मत देणार नाही." टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर तो पुढे म्हणाला की तिच्या पक्षाचं म्हणणं मला पटत नाही, पण पोरगी सच्ची आहे, तिने आजवर कुणाचा पैसा खाल्ला नाही, आणि तिच्याबद्दल जो वेडंवाकडं बोलेल त्याने माझ्या दुकानाची पायरी चढू नये. यावर टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्षांनी हसत हसत त्याच्या हातातला माईक काढून घेतला.

दुसऱ्या दिवशीपासून प्रचाराची गाडी भोंगा लावून वॉर्डभर फिरू लागली. भोंग्यात त्याचाच आवाज. फक्त पहिलं वाक्य. मग थोडं संगीत, मग पुन्हा तेच वाक्य.

तो तडक पक्षाच्या कचेरीत गेला. तिथल्या कार्यकर्त्याने नम्रपणे विचारलं, "काका, आवाज तुमचा आहे ना? शब्द तुमचेच ना?" सरळभांग दारात उभा राहिला. दोन्ही त्याचेच होते. पुढचं का कापलं, असं त्याने विचारलं, तर कार्यकर्ता म्हणाला की भोंग्यावर लांबलचक बोललेलं कुणी ऐकत नाही. चहा घेणार का, असंही विचारलं. तो तसाच परत आला. येताना गाडी त्याला दोनदा आडवी गेली.

दुपारी लेक जेवायला घरी आली. प्रचारात तिचे पाय सुजले होते, ती एक पाय पाटावर ठेवून भराभर जेवत होती. तो समोर बसला होता. गल्लीच्या टोकाला भोंगा वाजू लागला तशी बायको खिडकी लावायला उठली.

"राहू दे आई," लेक म्हणाली. "उकडतंय."

गाडी दारावरून गेली. 'मी माझ्या मुलीला मत देणार नाही.' घरात कुणी घास घेतला नाही. गाडी वळली, आवाज लांब गेला, मग त्याने सांगायला सुरुवात केली की मी आणखीही बोललो होतो.

"माहीत आहे, बाबा. मी मागे उभी होते, औषधाच्या दुकानापाशी."

"मग लोकांना सांगितलं का नाहीस?"

"म्हणजे तुमच्या नावाने मतं मागू?" तिने मान वर केली. "चाललं असतं तुम्हाला?"

त्याला चाललं नसतं. तिने ताटात हात धुतला, आईला जाते म्हणाली आणि निघून गेली. त्याच्या पानातलं तसंच राहिलं. बायकोने ते उचललं आणि मोरीत दणकन आदळलं.

मतदान शाळेत होतं. नवराबायको बरोबर गेली. पुठ्ठ्याच्या आडोशाआड सरळभांग शिक्का हातात घेऊन उभा राहिला. कागदावर लेकीचं पूर्ण नाव छापलेलं होतं आणि त्या नावाच्या मधोमध त्याचं स्वतःचं नाव होतं. ते त्याच्या आधी ध्यानातच आलं नव्हतं. तिला मत द्यावं, तर इतकी वर्षं लोकांच्या मानेवर वस्तरा धरून आपण नुसती तोंडची वाफच दवडली. न द्यावं, तर हातात शिक्का आणि समोर पोटचं पोर. बाहेर रांगेतल्या कुणीतरी खाकरून घाई केली. पाळणाघरं त्याला अजूनही पटत नव्हती. कितीही उलटसुलट केलं तरी पटत नव्हती. त्याने जुन्या पक्षापुढे शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

बायकोने ते डोळे बघितले आणि आपल्या परीने अर्थ लावला. तिने भर रस्त्यात त्याचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने असा हात कधी धरला नव्हता. त्याला बोलायचं होतं, पण ती शेजारणीला हाक मारून पुढे झालीसुद्धा.

लेक निवडून आली. अगदी काठावर, बोटांवर मोजावीत इतक्या मतांनी. मग काय विचारता. सरळभांगाच्या मताने पोरगी तरली, असं घरोघर झालं. शेवटी बापाचं काळीज, असं जो तो म्हणू लागला. अध्यक्षांनी निरोप पाठवला की पाठीत वार करणाऱ्याच्या हातात आम्ही गळा देत नाही. ते पुढच्या चौकात जाऊ लागले, जिथे निम्म्या डोक्यावर माळ करून मिळत असे. एका जुन्या गिऱ्हाइकाला त्याने कळवळून सांगितलं की मी मत तिला दिलं नाही. गिऱ्हाइकाने आरशातून डोळा मारला. "कळतं हो आम्हाला," म्हणाला. ज्याच्या शब्दावर कधी कुणी शंका घेतली नव्हती, त्याचा हा एकच शब्द कुणी खरा मानीना.

घरी बायको त्याच्या आवडीचं काहीबाही करून घालत होती. कामं करता करता गुणगुणत होती. तो ते अर्धंमुर्धं खाऊन दुकानात पळायचा.

शेवटी त्याने ठरवलं. एके सकाळी लेक नव्या कामावर निघताना दुकानात डोकावली तेव्हा गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्याने तिला बसायला सांगितलं. ती खुर्चीच्या हातावर टेकली.

"मत मी तुला दिलं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुम्ही चौकात सांगितलं होतंत की. तुम्ही बोललात ते कधी फिरवलंय?" ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मला वाईट वाटलं. वाटणारच. पण तुम्ही खोटं मत दिलं असतंत तर ते तरी काय गोड लागलं असतं मला?"

त्याच्या छातीवरचा दगड हलला. आता आईलाही आजच सांगून टाकतो, असं तो म्हणाला. लेक चटकन उठली.

"आईला नाही, बाबा."

"का?"

"ती सगळ्या गल्लीत सांगत सुटलीय. तुम्ही माझ्या बाजूचे आहात, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलंय. ते काढून घेऊ नका." दारात जाऊन ती थांबली. "मी सांभाळते ना. तुम्हीही सांभाळा."

ती गेली. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. आता त्याला बोलायला कुठेच जागा उरली नव्हती. घरात नाही, चौकात नाही, आणि इथेही नाही.

समोरचा वाणी दाढीला आला. खुर्चीत बसता बसता म्हणाला, "काही म्हणा, रक्त ते रक्तच. बरोबर केलंत तुम्ही."

सरळभांगाने त्याच्या गळ्याशी कापड बांधलं, वाटीत ब्रश घोळवला आणि मुकाट्याने फेस चढवायला घेतला.